खरी हातमागाची घोंगडी कशी ओळखायची आणि कुणाकडून घ्यायची?

भिजपाऊस

नमस्कार मंडळी. वडिलांसाठी घोंगडी घ्यायचीय, मेंढीच्या लोकरीची आणि हातमागावर विणलेली. त्यांचं लहानपण आटपाडी भागात गेलं, आज्जा मेंढरं राखायचा, त्यामुळे घरात अंथरायला घोंगडी, पांघरायला घोंगडी, पावसात डोक्यावर खोळ करून घ्यायलाही घोंगडीच. आता बाबांचं वय झालंय, पाठ धरते, आणि मध्ये एकदा बोलता बोलता म्हणाले की घोंगडीवर झोपलं की बरं वाटायचं बघ. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय की यंदा घ्यायचीच.

पण शोधायला गेले तर ऑनलाइन सातशे रुपयांपासून सहा हजारांपर्यंत घोंगड्या दिसतायत आणि सगळ्यांवर अस्सल हातमाग असंच लिहिलंय. फोटोवरून काहीच कळत नाही. एका विक्रेत्याला विचारलं कुठे विणली जाते, तर म्हणे गावाकडून येते, कुठल्या गावाकडून ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अजून एक, आज्जाची एक जुनी काळी घोंगडी आमच्याकडे आहे, तिला कसर लागून बरीच भोकं पडलीयत. ती दुरुस्त होते का? धुतली तर चालेल का?

आणि थेट विणकराकडून घ्यायची तर कुठे जायचं, किती पैसे द्यायचे? मला घासाघीस करायची नाहीये, पैसे विणणाऱ्याच्या हातात पडावेत एवढंच.

खड्डामाग

ताई, आमचं घर सनगरांचं, म्हणजे पिढीजात घोंगड्या विणणाऱ्यांचं, माण-खटाव पट्ट्यातलं. चुलत्यांचा माग अजून चालू आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, घ्यायला जाल तेव्हा हातमागावर विणलीय का असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणणार. सूत कुणी कातलं ते विचारा. कारण खरी मेख तिथं आहे. आज मागावर बसणारा माणूस कसाबसा मिळतो, पण हाताने कातलेलं लोकरीचं सूत मिळत नाही, त्यामुळे बरेच विणकर मिलचं तयार सूत आणून विणतात. तीही हातमागाचीच घोंगडी झाली, त्यात फसवणूक काही नाही, विणकराची मेहनत तेवढीच आहे, फक्त ती दख्खनी मेंढीच्या लोकरीची आणि हाताने कातलेली नसते. किंमत आणि टिकाऊपणा दोन्हीत फरक पडतो, म्हणून माहीत असलेलं बरं.

आमच्याकडे काम कसं चालतं ते सांगतो म्हणजे किंमत का तेवढी ते कळेल. मेंढरं वर्षातून दोनदा कातरतात. ती लोकर घरी आली की आधी निवडायची, काळी वेगळी, पांढरी वेगळी, तपकिरी वेगळी, त्यातली कुसळं, काटे, लेंड्या काढायच्या. मग पिंजायची, पेळू म्हणजे लोकरीच्या वळकट्या करायच्या आणि चरख्यावर कातायचं. हे कातायचं काम बायकांचं. एक घोंगडी विणायला दीड-दोन दिवस लागत असतील तर तिचं सूत कातायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो, आणि बातमीत फोटो येतो तो मागावर बसलेल्या चुलत्यांचा. काकू कधी फोटोत नसतात.

ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तयार झाला की त्याला खळ द्यायची. चिंचोके भिजवायचे, वाटायचे, शिजवून चिकट लापशी करायची. ताणा अंगणात लांब ताणून बांधायचा आणि कुंच्याने ती खळ एकेका धाग्याला बसेल अशी ओढत न्यायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत मागे, परत पुढे. चुलते हे पहाटेच सुरू करतात कारण ऊन चढलं की खळ भराभर वाळते आणि धागे एकमेकाला चिकटून बसतात, मग ते सोडवताना तुटतात. लोकरीचा धागा केसाळ असतो, खळीने ते केस बसतात आणि धाग्याला ताण सोसवतो, खळ नीट नसेल तर मागावर धागे दाबणारी फणी मागेपुढे झाली की धागा तुटलाच म्हणून समजा. पावसाळ्यात ताणा वाळत नाही त्यामुळे कामच अडतं, तेव्हा जूनमध्ये ऑर्डर देऊन जुलैत घोंगडी मागू नका कुणाकडे.

मग खड्ड्याच्या मागावर विणायचं. जमिनीत खड्डा, त्यात पाय, पायाखाली दाबायच्या पावड्या, हातात आडवा धागा नेणारा धोटा. दिवसभर कमरेत वाकून बसायचं काम आहे ते.

आता ओळखायची कशी. हाताने कातलेल्या सुताची जाडी एकसारखी नसते, घोंगडी उजेडावर धरली की कुठे धागा जाड कुठे बारीक दिसतो. किनार सरळ रेषेत नसते, किंचित आतबाहेर असते. हात फिरवला की एखादं बारीक कुसळ टोचतं, कितीही निवडलं तरी राहतंच. नवी घोंगडी खळीमुळे कडक लागते, वापरून वापरून मऊ पडते. नवी असून शालीसारखी मऊसूत लागली तर दोनच शक्यता, एकतर ती जावळाची आहे, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची, आणि ती खूपच महाग असते, नाहीतर मग ती आपली लोकरच नाही.

आणि शाईसारखा काळाकुट्ट एकसारखा रंग असेल तर तो बहुतेक रंगवलेला असतो. मेंढीचा काळा उन्हात तपकिरी झाक मारतो, पोटाकडचा वेगळा, पाठीवरचा वेगळा.

ताणाबाणा

वरचा प्रतिसाद भारी आहे, त्यात थोडी तांत्रिक भर घालतो. मी टेक्स्टाइलवाला, इचलकरंजीत नोकरी.

सर्वात सोपी परीक्षा जाळायची. घोंगडीच्या दशांमधला, म्हणजे टोकाला सुट्या सोडलेल्या धाग्यांमधला, एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि पेटवा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की आपोआप विझते आणि राख बोटाने चुरगळली की पीठ होते. अॅक्रिलिक किंवा पॉलिस्टर असेल तर धागा वितळतो, आणि टोकाला कडक मणी तयार होतो जो फुटत नाही. ताण्याचा एक आणि बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्यांमधला, एक असे दोन्ही धागे तपासा, कारण ताणा सिंथेटिक आणि बाणा लोकरीचा असाही माल येतो. मिसळलेलं सूत असेल तर मात्र ही परीक्षा फसू शकते, थोडा वास येतो थोडा मणी होतो, तेव्हा राखेत कडक खडे लागतायत का ते बघायचं.

सातशे रुपयाला जे मिळतं ते बहुतेक पानिपतकडचं असतं. तिथे जुने लोकरीचे कपडे फाडून त्यांचं पुन्हा सूत करतात, त्याला शॉडी म्हणतात, आणि त्याची ब्लँकेटं यंत्रमागावर निघतात. त्या मालाला नावं ठेवायचं कारण नाही, स्वस्तात ऊब मिळते आणि मदतवाटपातही ती दिली गेली आहेत, पण त्याला हातमागाची घोंगडी म्हणून विकणं ही सरळसरळ फसवणूक आहे.

फार लोकांना माहीत नाही पण हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवणारा 1985 चा केंद्राचा कायदा आहे. त्यात आज 11 प्रकारचा माल येतो, साडी, धोतर, लुंगी, टॉवेल, चादर वगैरे, आणि त्यातच कांबळ-कांबळी पण आहे. काही तांत्रिक अटी आहेत, सगळंच सरसकट बंद नाही, पण मुद्दा असा की हातमागाच्या घोंगडीला कागदावर संरक्षण आहे आणि बाजारात त्याचा मागमूस नाही. पैठणीबद्दल निदान लोक विचारतात तरी की यंत्रमागाची का हातमागाची. घोंगडीबद्दल कुणी विचारतच नाही.

अजून एक, वेबसाइटवर लिहितात ना की घोंगडीने पाठदुखी जाते, बीपी कमी होतो, रक्त शुद्ध होतं, त्यावर प्लीज पैसे घालू नका. लोकर हवा धरून ठेवते म्हणून उबदार असते आणि स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषूनही ओली लागत नाही, म्हणून घामाने चिकट वाटत नाही आणि झोप चांगली लागते. वडिलांना बरं वाटायचं ते खरंच असणार, उबेने आखडलेली पाठ सैल होते. तेवढं पुरेसं आहे की.

रानोमाळ

धनगराच्या घरातला आहे म्हणून लिहितो, या सगळ्यात लोकरीचं काय होतं ते कुणी बोलत नाही.

आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरणारं बिऱ्हाड, दिवाळीनंतर कोकणात उतरतो आणि पावसाच्या तोंडावर परत वर येतो. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, खताचे पैसे किंवा धान्य मिळतं. कोकरं विकून पैसे मिळतात. लोकरीचे? काही नाही. कातरणाऱ्याला मजुरी आपण द्यायची, जेवण घालायचं, आणि कातरलेली लोकर बांधावर टाकून द्यायची. व्यापारी आला तर पोत्याच्या भावात उचलतो, नाहीतर येतच नाही. पण कातरावं तर लागतंच, नाही कातरलं तर लोकरीत गोचिड होतात, उन्हाळ्यात जनावर धापा टाकतं.

माझ्या आज्जीच्या वेळेला सनगर वाड्यावर येऊन लोकर घेऊन जायचे आणि वर्षाला घोंगड्या आणून द्यायचे. पैशाचा संबंध कमी, माल देऊन माल घ्यायचा. ते गेलं. आता सनगराला लोकर मिळत नाही आणि आम्हाला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि दोघांची गावं एकमेकापासून एसटीच्या अंतरावर आहेत. हे वरच्या दादांचं वाचून परत एकदा जाणवलं.

दुसरं म्हणजे मेंढरूच बदललं. जत तालुक्यातलं माडग्याळ गाव आहे, तिथली माडग्याळ जात आता सगळीकडे पाळतात. उंच असतं, नाक पोपटासारखं बाकदार, कोकरू लवकर वजन धरतं आणि बाजारात त्याला भाव आहे. पण त्याच्या अंगावर विणण्याजोगी लोकर नसते, केसच जास्त. फलटणच्या निंबकर संस्थेने नारी सुवर्णा मेंढी तयार केली, तिला जुळी कोकरं होतात, तेही चांगलंच काम आहे, पण तिथेही हिशोब मटणाचाच. धनगराने काय करावं, त्याला पोट आहे. 2019 च्या पशुगणनेत राज्यात सुमारे 27 लाख मेंढ्या मोजल्या होत्या, म्हणजे मेंढरं काही संपली नाहीत, काळी दख्खनी लोकर देणारं मेंढरू कमी होत चाललंय.

मध्ये सरकारने मेरिनो वगैरे बाहेरच्या मेंढ्यांशी संकर करून बारीक लोकर आणायचे प्रयत्न केले होते. जुनी माणसं सांगतात ती जनावरं आमच्या चालीत टिकली नाहीत. माणदेशातनं कोकणापर्यंत पायी जायचं, मिळेल ते खायचं, ऊन झेलायचं, त्याला दख्खनीच पाहिजे. आणि तिची लोकर जाड राठ आहे म्हणून मिलवाले तिला हात लावत नाहीत. पण घोंगडीला तीच लागते, कारण जाड लोकरीवरनं पाऊस ओघळतो.

सह्यकडा

चांगली चर्चा. पण एक वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका. आपण शहरात बसून म्हणतो कला टिकली पाहिजे, कारागीर टिकला पाहिजे. माझ्या मामाच्या गावात बुरूड होते, सुपं टोपल्या करायचे, त्यांची मुलं आता कुरिअरमध्ये आहेत आणि सुखात आहेत. त्या मुलांनी परत बांबू सोलत बसावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? घोंगडी टोचते, जड असते, ओली झाली की उचलवत नाही, धुता येत नाही. फ्लॅटमध्ये कोण वापरणार? मागणी संपली की वस्तू जाते, हे आजवर होत आलंय. मग चार भावनिक लोकांनी एकेक घोंगडी घेऊन काय फरक पडणार आहे?

भिजपाऊस

सह्यकडा, मी भावनेपोटीच घेतेय हे खरं आहे आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण कुणी कुरिअरची नोकरी सोडून मागावर बसावं असं मी कुठेही म्हटलं नाही. जो आज मागावर बसलाय त्याच्याकडून विकत घ्यायचं म्हणतेय. तो बसलाय तोवर तरी त्याला नीट दाम मिळावं ना?

खड्डामाग

सह्यकडा, राग कशाला येईल, हा वाद आमच्या घरात रोज होतो.

मी स्वतः मागावर नाही, बँकेत आहे. चुलतभाऊ मागावर होता, चार वर्षं केलं आणि मग कंपनीत लागला. त्याने सोडलं ते आवड नव्हती म्हणून नाही, हात चांगला होता त्याचा, चुलत्यांपेक्षा घट्ट विणायचा. सोडलं कारण महिन्याचा हिशोब बसत नव्हता. एक घोंगडी व्यापाऱ्याला दिली की लोकर, पिंजाई, कताई, खळ सगळं वजा करून त्याच्या हातात रोजगार हमीच्या मजुरीएवढे पण पैसे उरायचे नाहीत, आणि तीच घोंगडी शहरातल्या प्रदर्शनात दुप्पट-तिप्पट किमतीला लागलेली त्याने स्वतः बघितली. त्याचं नाव, गावाचं नाव कुठेच नाही. त्या दिवसापासून मन उडालं त्याचं.

म्हणून मागणी संपली म्हणून वस्तू गेली हे मला अर्धंच पटतं. मागणी आहे. आषाढीला पंढरपुरात घोंगड्यांची दुकानं भरलेली असतात, पोथी-पारायणाला आसन लागतं म्हणून लोक मुद्दाम शोधत येतात, खंडोबा-बिरोबाची माणसं तर आहेतच. ती मागणी पुरी होते यंत्रमागाच्या मालाने, आमच्या नावावर. गिऱ्हाईक खरी समजून घेतं, सहा महिन्यात तिच्यावर गोळे येतात, मग म्हणतं घोंगडीत आता राम राहिला नाही. आमचं दुहेरी नुकसान.

आणि टोचण्याबद्दल. उघड्या अंगाला टोचते, खरंय. पण गादीवर टाकून वर सुती चादर अंथरली की टोचायचा प्रश्नच नाही. ओली घोंगडी जड होते हेही खरं, म्हणूनच ती धुवायची नसते, उन्हात टाकायची आणि झटकायची.

पुढच्या पिढीने करावं का? मला विचाराल तर ज्याला करायचंय त्याला परवडावं, एवढंच. आमच्या काकू अजून चरखा चालवतात, त्यांचं वय साठीच्या पुढे आहे. गावात कातणाऱ्या दुसऱ्या दोनच बायका राहिल्यात, दोघी काकूंपेक्षा मोठ्या. पंचायतीत मागाला अनुदान आलं, नवीन माग आला, चांगली गोष्ट झाली. कताईला मात्र कुणी काही देत नाही, कारण ते बायका घरकामातनं उरलेल्या वेळात करतात असं सगळे धरून चालतात. ताई, तुम्ही घ्याल तेव्हा कातणाऱ्या बाईचे पैसे वेगळे धरलेत का एवढं आवर्जून विचारा. विणकर जरा बघत राहील तुमच्याकडे, पण विचारा.

सह्यकडा

कताईचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. व्यापाऱ्याचं गणितही. पटलं. तरी फ्लॅटमधल्या वापराबद्दल माझी शंका कायम आहे.

ताणाबाणा

फ्लॅटमध्ये आम्ही जमिनीवर टाकून बसायला वापरतो, मुलं त्यावरच अभ्यास करतात. दहा वर्षं झाली, काही झालेलं नाही तिला.

आक्कासाहेब

पोरी, जुन्या घोंगडीचं कुणीच नीट सांगितलं नाही म्हणून लिहिते. माझ्या सासऱ्यांची घोंगडी मी आजवर जपली आहे.

आधी कसर मारायची, मग रफू. नाहीतर तू भोकं बुजवशील आणि आतली अंडी फुटून दुसरीकडे भोकं पडतील. घोंगडी कडक उन्हात दिवसभर टाक, दोन्ही बाजू उलटून, काठीने झोडप. असं लागोपाठ चार दिवस कर. पावसाळा असेल तर माझ्या सुनेने शोधलेली युक्ती, घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधायची आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायची. म्युझियममध्येही असंच करतात म्हणे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, घरातल्या हवेला येऊ दे, नाहीतर घोंगडीवर पाणी धरतं. आमच्या घरी तरी त्यानंतर कसर लागली नाही.

धुवायची झालीच तर फक्त थंड पाणी आणि रिठा. गरम पाणी नको, मशीन तर नकोच, लोकर आटून तिचा नमदा, म्हणजे घट्ट दाबलेला जाड थर, होतो आणि मग ती पूर्ववत होत नाही. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं आणि आडवी पसरून वाळवायची. दोरीवर टाकलीस तर ओल्या वजनाने ओढली जाऊन लांब होते.

रफूला बाहेर धागा शोधू नको. घोंगडीच्याच दशा असतात ना दोन्ही टोकांना, त्यातले लांब धागे काढून घे, रंगही तोच आणि पीळही तोच. मोठ्या नाकाची बोथट सुई घे. भोकाच्या कडेपासून दोन बोटं लांब चांगल्या विणीत सुई घालून सुरू कर, म्हणजे कड उसवत नाही. आधी सगळे उभे टाके, ओढून ताणायचे नाहीत, सैल ठेवायचे. मग आडवा धागा एक वर एक खाली असा त्यातून काढायचा आणि प्रत्येक ओळ सुईच्या टोकाने खाली दाबायची, मागावर फणी दाबते तशी. गाठ मारायची नाही, टोक विणीत लपवायचं. लहान भोक असेल तर अर्ध्या तासात होतं. तळहाताएवढं असेल तर विणकराकडेच दे.

ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून सुती कापडात गुंडाळ. आणि पाला वर्षानुवर्षं तोच ठेवायचा नाही, दर हिवाळ्यात बदल. पेटीच्या तळाशी दाबून ठेवलेल्या घोंगडीलाच कसर धरते. वापरातल्या घोंगडीला सहसा नाही धरत.

भिजपाऊस

आक्का, किती छान सांगितलंत, खूप आभार! दशांमधून धागा घ्यायचा हे मला सुचलंच नसतं. मी या रविवारीच उन्हात टाकते.

खड्डामाग दादा, आता जायचं कुठे ते सांगा ना. यात्रेत मिळते का?

खड्डामाग

यात्रेत मिळते. कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा दसरा-दिवाळीच्या सुमारास असते, आणि आमच्याकडे म्हसवडला सिद्धनाथाची मार्गशीर्षात, तिथे घोंगडीवाले पाल टाकून बसतात. पण यात्रेतही आता दोन्ही प्रकारचा माल असतो. एकाच पालात सगळ्या घोंगड्या एका मापाच्या, एका वजनाच्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेल्या असतील तर पुढे चला. ज्याच्याकडे पाच-दहाच आहेत आणि प्रत्येकीचा रंग जरा वेगळा आहे त्याच्यापाशी बसा, गाव विचारा, माग बघायला येऊ का विचारा. विणणारा असेल तर लगेच ये म्हणेल.

त्यापेक्षा चांगलं म्हणजे सांगून विणून घेणं. काही पैसे इसार द्यायचे, बाकीचे घोंगडी हातात आल्यावर. इसार दिला की विणकराला लोकर रोखीने घेता येते, व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागत नाही, आणि उचल घेतली नाही की माल त्यालाच द्यायचं बंधन राहत नाही. माझ्या मते एका घोंगडीतनं जास्तीत जास्त मदत कशी होईल तर अशी. किमतीचं म्हणाल तर हाताने कातलेल्या साध्या घोंगडीला आमच्याकडे साडेतीन ते पाच हजार पडतात, वजनाप्रमाणे. जावळाची त्याच्या वर. त्यापेक्षा फार स्वस्त कुणी देत असेल तर कातणाऱ्या बाईला काय मिळालं असेल याचा विचार करा.

आणि डबल बेडच्या मापाची एकसंध मागू नका. मागाच्या रुंदीपेक्षा रुंद विणता येत नाही, दोन पट्ट्या शिवून जोडाव्या लागतात. वडिलांपुरती एकेरीच घ्या, उंचीपेक्षा फूट-दोन फूट जास्त, म्हणजे उशाकडे दुमडता येते.

भिजपाऊस

ठरलं मग, सांगूनच घेते. तुम्हाला मेसेज करते दादा. कातणाऱ्या काकूंचे वेगळे धरूनच आकडा सांगा.

रानोमाळ

खड्डामाग, एक विचारू का. आमच्या वाड्यात अजून शंभराच्या आसपास दख्खनी आहेत, बहुतेक काळीच. कातरणी तोंडावर आली आहे. परत बांधावर टाकण्यापेक्षा तुमच्या चुलत्यांना चालत असेल तर मी पोती भरून ठेवतो. भाव काय द्यायचा तो द्या, निदान कातरणाऱ्याची मजुरी निघाली तरी पुष्कळ झालं.

खड्डामाग

चालेल काय, पळत येतील. आत्ताच फोन केला होता, काकू म्हणाल्या काळी असेल तर सगळी घेऊ आणि मजुरीच्या वर भाव देऊ, फुकट नको. फक्त दोन गोष्टी सांभाळा. कातरायच्या आदल्या दिवशी मेंढरं ओढ्यावर धुवून घ्या आणि रात्री कोरड्या जागी बसवा, माती राहिली की पिंजताना निम्मं वजन उडून जातं आणि मग भावावरनं आपल्यात उगाच कुरबुर. आणि कोकरांचं जावळ वेगळ्या पोत्यात भरा, मोठ्या मेंढरांच्या लोकरीत मिसळू देऊ नका, त्याचा भाव वेगळा लावू. कोकणातनं वर येताना कुठल्या वाटेने येता ते कळवा, फलटणकडनं आलात तर मी टेम्पो घेऊन येतो.